पंडित नैनसिंग रावत

कुमाऊँच्या उत्तर सीमेवरील मिलम या गावी १८३० साली नैनसिंग रावत यांचा जन्म झाला. ते गावच्या शाळेत शिक्षक होते. म्हणून लोक त्यांस पंडित म्हणत.

तिबेटात परकीयांस मज्जाव होता आणि रशियाच्या धास्तीने इंग्रज सरकारास तेथील नकाशा लष्करीदृष्ट्या निकडीचा वाटत होता. कॅप्टन माँटगोमरी यांच्या योजनेनुसार १८६३ साली या शिक्षकास मोजणीखात्यात घेऊन सम पाऊल टाकण्याचा अभ्यास देण्यात आला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांस एक मणी सरकवावयाचा. टिपणे प्रार्थनाचक्रात दडविलेली.

वेषांतर करून, प्राण पणास लावून ते नेपाळमार्गे जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचले. ताऱ्यांच्या वेधांवरून त्यांनी शहराचे अक्षांश काढले आणि उकळत्या पाण्यातील उष्णतामापकावरून उंची. या प्रवासात सुमारे १२०० मैल वाट पावलांनी मोजली गेली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांस सुवर्णपदक अर्पण केले.

नकाशा परसत्तेचा झाला, हे शल्य खरेच; परंतु मोजणीतील सचोटी त्यांची स्वतःची होती. जन्माने नव्हे, अशा सचोटीने माणूस मोठा होतो, हे आपल्या ज्ञातीतील तरुणांनी ध्यानी धरावे.