प्रा. दि. ब. देवधर

विभागीय संघांच्या एकदिवसीय सामन्यांसाठी १९७३ साली सुरू झालेल्या देवधर करंडकाने आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांना पेचात टाकले. बाजू घ्यावी ती पश्चिम विभागाची, की जेथे पोट भरतो त्या विभागाची? नाव मात्र पुण्याच्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाचे!

दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) यांनी १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली. तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठली होती. संघात त्यांना स्थान मिळाले नाही, आणि पुढेही कधी मिळाले नाही. ही खंत आम्हांस आजही आहे. त्यांनी मात्र बॅट खाली ठेवली नाही. महाराष्ट्राला सलग दोनदा रणजी करंडक जिंकून दिला आणि बावन्न वर्षे उलटल्यावर नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली.