स्टिरिओचे जनक अ‍ॅलन ब्लुमलाइन

गाणी ऐकण्यासाठी कित्येक घरांत दोन स्पीकर असतात. पण दोन कशासाठी? वर्गात विचारले तर आवाज मोठा व्हावा म्हणून, असे उत्तर हमखास मिळते. ते बरोबर नाही. ज्यांनी खरे उत्तर जगाला दिले, त्या इंग्रज इंजिनिअरचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अ‍ॅलन डोवर ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडन येथे झाला. वडील मूळचे जर्मनीचे, आई एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. लहानपणी अ‍ॅलन वाचनात बरेच मागे होते, परंतु गणित आणि विजेची उपकरणे यांत त्यांची बुद्धी विलक्षण चाले. १९२३ साली त्यांनी प्रथम वर्गात पदवी मिळवली. काही वर्षे टेलिफोनच्या क्षेत्रात काम करून १९२९ साली ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. १९३१ साली या कंपनीच्या विलीनीकरणातून ईएमआय कंपनी निर्माण झाली.

त्याच सुमारास ते भावी पत्नीसह सिनेमाला गेले असता, नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडे, ही विसंगती त्यांना खटकली, अशी हकीकत सांगतात. उजवीकडचा आवाज आपल्या उजव्या कानाला आधी पोचतो. डाव्या कानाला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने आणि किंचित मंद असा पोचतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. हाच फरक दोन मायक्रोफोनांनी टिपून दोन स्पीकरांतून पुन्हा उभा करावा, ही ब्लुमलाइन यांची कल्पना. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेत दोन्ही आवाज कसे कोरावेत, हेही त्यात होते. १९३४ साली लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत त्यांनी थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण या पद्धतीने केले.

परंतु कंपनीला त्या वेळी टेलिव्हिजन अधिक महत्त्वाचे वाटले आणि ब्लुमलाइन तिकडे वळले. १९३६ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या टेलिव्हिजनमागे त्यांचे मोठे परिश्रम होते. पुढे महायुद्धात ते रडारच्या कामाला लागले. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे त्यांचे विमान इंजिनाला आग लागून कोसळले. विमानातील अकराही जण मरण पावले. इंजिनातील एक नट नीट आवळला गेला नव्हता, असे निष्पन्न झाले. ब्लुमलाइन अवघे ३८ वर्षांचे होते. युद्धातील गुप्ततेमुळे त्यांच्या मृत्यूची बातमीही तेव्हा जाहीर झाली नाही. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास.

त्यांचे हे काम आपल्या घरात सार्थकी लागावे असे वाटत असेल, तर दोन्ही स्पीकर एकाच कपाटावर शेजारी शेजारी ठेवू नयेत. दोन स्पीकर आणि आपली बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत व त्यांची तोंडे किंचित आपल्याकडे वळवावीत. कोपऱ्यात ठेवल्यास खालचे सूर घुमतात; म्हणून भिंतीपासून हातभर तरी पुढे घ्यावेत. लाल व काळी तार दोन्हीकडे सारखीच जोडावी. एकीकडे उलटी झाली तर गायकाचा आवाज मध्यभागी ठरत नाही.

मग एखादे स्टिरिओ भजन लावून डोळे मिटावेत. गायक दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे उभा राहिला, तर मांडणी साधली असे समजावे. वाचनात मागे राहिलेल्या त्या मुलाने जगाला दिलेली देणगी ती हीच. एखादे मूल धडा वाचताना अडखळते, म्हणून त्याला मंद ठरवण्यापूर्वी आम्हा शिक्षकांनी आणि पालकांनीही ब्लुमलाइन यांचे स्मरण अवश्य करावे.