टॉमस ओल्डहॅम

टॉमस ओल्डहॅम (जन्म : ४ मे १८१६, डब्लिन, मृत्यू : १७ जुलै १८७८, रग्बी, इंग्लंड) हे आयरिश भूवैज्ञानिक आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले अधीक्षक होते. भारतातील भूस्तरांचे पद्धतशीर मानचित्रण त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. देशातील उष्ण पाण्याच्या झऱ्यांची त्यांनी केलेली सूची भूऔष्णिक ऊर्जेच्या भारतीय अभ्यासातील आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ मानली जाते.

पूर्वायुष्य

ओल्डहॅम यांचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. पुढे एडिंबरो येथे त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीबरोबर भूविज्ञानाचाही अभ्यास केला. आयर्लंडच्या सर्वेक्षण खात्यात काही वर्षे काम केल्यावर ते ट्रिनिटी महाविद्यालयात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८४६ मध्ये आयर्लंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे स्थानिक संचालक झाले. ब्रे हेड येथील अतिप्राचीन खडकांत त्यांना आढळलेल्या जीवाश्मखुणांना एडवर्ड फोर्ब्ज यांनी ‘ओल्डहॅमिया’ हे नाव दिले. १८४८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

भारतातील कार्य

आगबोटी व रेल्वे यांना लागणारा कोळसा शोधण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीला भूवैज्ञानिकाची गरज होती. या कामावर आधी नेमलेले डी. एच. विल्यम्स १८४८ मध्ये तापाने मरण पावले. त्यानंतर नेमणूक झालेले ओल्डहॅम मार्च १८५१ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

खाणींचा तेवढा शोध घ्यावा, अशी सरकारची अपेक्षा होती. खडकांची रचना, त्यांचा क्रम आणि वय समजल्याशिवाय खनिजांचा शोध भरवशाचा होणार नाही, अशी ओल्डहॅम यांची भूमिका होती. सलग भूवैज्ञानिक नकाशे तयार करण्याचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड, एच. बी. मेडलिकॉट, रॉबर्ट ब्रूस फूट, फर्डिनांड स्टोलिच्का यांसारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली संस्थेत आले. विंध्य पर्वतातील खडकसमूहाला ‘विंध्यन’ हे नाव ओल्डहॅम यांनीच दिले. संस्थेची ‘मेमॉयर्स’, ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ व ‘रेकॉर्ड्स’ ही तीन प्रकाशने त्यांच्या काळात सुरू झाली.

सोने व कोळसा

१८५५ मध्ये आर्थर फेअर यांच्या शिष्टमंडळाबरोबर ओल्डहॅम ब्रह्मदेशातील आवा येथे गेले. ब्रह्मदेशातील श्वेजीन येथून आलेल्या सोन्याच्या व सुवर्णरजाच्या नमुन्यांवरील त्यांचे टिपण ‘मेमॉयर्स’च्या पहिल्या खंडात आहे. आसामातील नद्यांच्या सोनेयुक्त वाळूविषयीचा लेखही त्याच खंडात आला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड जिल्ह्यातील डंबळ टेकड्यांच्या सुवर्णयुक्त खडकांवर फूट यांनी १८७४ मध्ये लिहिलेला अहवाल ओल्डहॅम अधीक्षक असतानाच प्रसिद्ध झाला. भारतातील कोळशाचे साठे व उत्पादन यांवरही ओल्डहॅम यांनी सविस्तर अहवाल दिले.

उष्ण पाण्याच्या झऱ्यांची सूची

उष्ण पाण्याचे झरे भारतात फार पूर्वीपासून तीर्थस्थाने व औषधी स्नानाची ठिकाणे म्हणून परिचित होते. विखुरलेल्या नोंदी एकत्र करून ओल्डहॅम यांनी सुमारे ३०० झऱ्यांची सूची तयार केली. मात्र ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. त्यांचे पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम १८७९ मध्ये याच संस्थेत रुजू झाले. त्यांनी वडिलांच्या हस्तलिखिताचे संपादन केले आणि १८८२ मध्ये ते ‘मेमॉयर्स’च्या एकोणिसाव्या खंडात प्रसिद्ध झाले. १८६९ च्या काचार भूकंपावरील वडिलांचा अभ्यासही त्यांनी त्याच खंडात प्रकाशात आणला. पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या गाभ्याचे अस्तित्व दाखविल्यामुळे रिचर्ड जगप्रसिद्ध झाले.

अखेरचे दिवस

१८७५ मध्ये ओल्डहॅम यांना रॉयल सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर १८७६ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्यांच्या जागी मेडलिकॉट आले. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी रग्बी येथे ओल्डहॅम यांचे निधन झाले.

कार्याचे महत्त्व

ओल्डहॅम यांच्या काळात झऱ्यांच्या नोंदीला व्यापारी मोल नव्हते. विसाव्या शतकात ऊर्जेचे नवे स्रोत शोधण्याची गरज भासली, तेव्हा या विषयाकडे लक्ष गेले. भारत सरकारने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. १९७३ पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लडाखमधील पुगा येथे भूऔष्णिक संशोधन हाती घेतले. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचाही अभ्यास झाला.

या किनारपट्टीच्या झऱ्यांत गणेशपुरी, वज्रेश्वरी, पालीजवळील उन्हेरे, महाड-दासगाव परिसरातील सावित्रीकाठचे सव, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ व राजापूरचे उन्हाळे यांचा समावेश होतो. यांतील काही गावांच्या नावांतच ऊन पाण्याची खूण आहे. जमिनीत खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि खडकांतील भेगांवाटे वर येते. दख्खनच्या बेसाल्टचा ज्वालामुखी उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने ही उष्णता त्या लाव्हाची उरलेली ऊब नव्हे. कोकणातील झऱ्यांवर अद्याप व्यापारी वीजनिर्मिती झालेली नाही. मात्र कोणता झरा कोठे आहे आणि त्याचे पाणी किती उष्ण आहे, ही कोणत्याही भूऔष्णिक शोधाची पहिली पायरी असते. देशाच्या पातळीवर ती पायरी ओल्डहॅम यांच्या सूचीने घातली.