फर्डिनांड पोर्शे आणि गिअरची ती रिंग

पोर्शे म्हटलं की डोळ्यांसमोर पोस्टरवरची ९११ येते. पण मित्रांनो, ही गाडी यायच्या कितीतरी आधी, ३० जानेवारी १९५१ ला फर्डिनांड पोर्शे वारले होते.

जन्म १८७५ चा, बोहेमियातला. वडील पत्र्याचं काम करायचे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पोरानं विजेची गाडी मांडली. मोटर थेट चाकाच्या हबमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची कटकटच नाही!

पुढे हिटलरसाठी त्यांनी 'बीटल' घडवली. ते नाझी पक्षात होते आणि त्या कारखान्यात सक्तीचे मजूर राबले. हे लपवून त्यांचं कौतुक करणं बरोबर नाही.

युद्धानंतर फ्रेंचांनी त्यांना कैदेत टाकलं. इकडे ऑस्ट्रियात मुलगा फेरीने सिसितालिया रेसकारचं काम घेतलं, त्याच कामातून जामिनाची सोय झाली. आणि सिंक्रोनायझरची नवी रिंगही त्याच गाडीसाठी निघाली. चीर दिलेली पोलादी रिंग स्लीव्हखाली दबते, फाकायला बघते. त्या घर्षणाने दोघांचे वेग जुळतात आणि मगच दात बसतात.

१९४८ च्या ३५६ मध्ये मात्र फोक्सवॅगनचा बिनसिंक्रोचा गिअरबॉक्स होता. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबा, मध्ये रेस द्या, नाहीतर 'खर्रर्र'! रिंगवाला बॉक्स ३५६ ला मिळाला १९५२ साली. जुन्या ३५६ ला हाच बॉक्स बसवला तर ती कसरत संपते. फक्त रिंग झिजली की पुन्हा खरखर सुरू. तेव्हा नुसतं ऑइल बदलून भागत नाही, बॉक्स उघडावाच लागतो.