निसटता क्षण पकडणारे मायब्रिज

नोव्हेंबर १९९२ मधील डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकरला तिसऱ्या पंचाने धावबाद ठरविले. ‘रिप्ले’ पाहून बाद दिला गेलेला तो पहिला फलंदाज. डोळ्यांना न दिसणारा क्षण चित्रमालिकेत शोधायचा, ही वाट मात्र त्याआधी ११४ वर्षे एका छायाचित्रकाराने दाखवून दिली होती.

एडवर्ड मायब्रिज यांचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमधील किंग्स्टन-अपॉन-टेम्स येथे झाला. तरुणपणीच ते अमेरिकेत गेले. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आधी पुस्तकविक्री केली. पुढे योसेमिटी खोऱ्याच्या छायाचित्रांनी त्यांचे नाव झाले.

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात काय, हा त्या काळचा वादाचा विषय होता. त्याचा निकाल लावण्याचे काम कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर व रेल्वेसम्राट लीलँड स्टॅनफर्ड यांनी १८७२ मध्ये मायब्रिज यांच्याकडे सोपविले. मध्येच १८७४ मध्ये मायब्रिज यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले. पुढच्याच वर्षी ज्युरीने त्यांना दोषमुक्त केले.

जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे त्यांनी धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. आडव्या ताणलेल्या धाग्याला घोड्याचा धक्का लागताच त्या त्या कॅमेऱ्याची झडप उघडे. चारही पाय खरोखरच अधांतरी होते. पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना! पुढे-मागे ताणलेल्या पायांचा, चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेला घोडा खोटा ठरला. १८७९ मध्ये त्यांनी ‘झूप्रॅक्सिस्कोप’ हे यंत्र घडवून ही गती पडद्यावर जिवंत केली.

श्रेय मात्र हुकले. १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांनी या प्रयोगांवरील ग्रंथ काढला, त्याच्या मुखपृष्ठावर मायब्रिज यांचे नाव नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध रोखून धरला. त्यांनी दावा लावला, तोही हरले. घोड्याला पुराव्यानिशी न्याय देणाऱ्याला स्वतःसाठी तो मिळाला नाही.

तरीही ते खचले नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नव्याने काम करून १८८७ मध्ये त्यांनी माणसे व प्राणी यांच्या हालचालींचे ७८१ चित्रफलक प्रसिद्ध केले. ८ मे १९०४ रोजी किंग्स्टन येथेच त्यांचे निधन झाले.

आज सामना सुरू असतानाच सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट साठवते आणि हवा तो क्षण संथ गतीने पुन्हा दाखवते. धाग्यांची जागा संगणकाने घेतली. गतीचे तुकडे करून सत्य शोधण्याची रीत मात्र मायब्रिज यांचीच आहे.