बिरबल साहनी

शेगावच्या शिवारात ज्वारी फुलोऱ्यावर आली, की तिचे बारीक परागकण वाऱ्याबरोबर उडू लागतात. त्यांपैकी बहुतेक नाश पावतात. परंतु तळ्याच्या गाळात वा दलदलीत रुतलेले कण हजारो वर्षे टिकू शकतात, कारण त्यांचे कवच फार चिवट असते. उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, पीट नावाचे थर आढळतात. त्यांतील परागकण ओळखून व मोजून, तेथे पूर्वी कोणती झुडपे व गवते वाढत होती, हे शास्त्रज्ञ ठरवितात. वनस्पतींच्या अशा प्राचीन अवशेषांच्या अभ्यासाला भारतात भक्कम पाया घालून देणारे थोर संशोधक म्हणजे बिरबल साहनी होत.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचिराम हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. वडिलांबरोबर हिमालयात पायी हिंडताना बिरबलांना निसर्गाची गोडी लागली. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेले.

तेथे गिंको वृक्षाच्या बीजांडांत त्यांना दुसऱ्याच झाडांचे परागकण दिसले. वाऱ्याने आलेला कण कोठेही शिरू शकतो; म्हणून प्राचीन बीजांडात सापडलेला कण त्याच झाडाचा असेल असे मानू नये, असा सावधगिरीचा इशारा त्यांनी १९१५ साली दिला.

१९१९ साली ते मायदेशी परतले. १९२१ पासून लखनौ विद्यापीठात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास होता. तिच्यासाठी त्यांनी व पत्नी सावित्री यांनी आपली मालमत्ता, ग्रंथ आणि जीवाश्मांचा संग्रह अर्पण केला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौ येथे संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. त्या शिलेत निरनिराळे जीवाश्म जडविलेले होते. परंतु अवघ्या आठवडाभरात, १० एप्रिल रोजी, साहनी निवर्तले.

सावित्रीबाईंनी दुःख गिळून पतीचे कार्य पुढे चालविले. १९५३ साली संस्थेच्या इमारतीचे उद्घाटन झाले. आज ती संस्था साहनींचेच नाव धारण करते.

शेगाव ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातील परागकणांवरून शास्त्रज्ञांनी तेथील पूर्वीच्या वनराजीचा व पाऊसमानाचा मागोवा घेतला आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणातही इतिहास दडलेला असतो. मात्र तो वाचण्यास साहनींसारखी चिकाटी आणि सावध दृष्टी हवी.