मोती आणि भुंगे

जून उजाडला, की औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांपुढे आयांची झुंबड उडते. वह्या, कव्हरं, कंपासपेटी... आणि त्या गर्दीत कुणीतरी हमखास सांगतंच, की आमच्या हिला गणित काही जमत नाही, माझ्यावरच गेलीय. मैत्रिणींनो, असं ऐकलं की मला भास्कराचार्य आठवतात.

त्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आसऱ्याचं विज्जलविड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातला पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’.

लीलावतीची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. मुलीच्या पत्रिकेत दोष, म्हणून लग्नाला एकच शुभ घटका. ती मोजायला पाण्यात घटिकापात्र ठेवलेलं. लेक कुतूहलाने वाकली, दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला! गोष्ट मनाला चटका लावते खरी, पण ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. मूळ ग्रंथात ती नाहीच.

मूळ ग्रंथात भेटते ती वेगळीच लीलावती. तिची कीव कुणी करत नाही, तिला प्रश्न विचारले जातात. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं, तर येतील तेवढे भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले. थव्याचे नऊपैकी आठ भागही मागोमाग गेले. सुगंधाला भुलून एक भुंगा रात्री कमळात अडकला आणि त्याची जोडीदारीण बाहेर गुणगुणत राहिली. मग थवा केवढा? उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६. नऊपैकी आठ भाग म्हणजे ६४. आणि उरली ही जोडी. जमलं ना?

अवघड कल्पना ओळखीच्या वस्तूत ठेवून हातात द्यायची, ही त्यांची हातोटी. ‘बीजगणिता’त संख्येला शून्याने भागल्यावर येणाऱ्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती तशीच राहते. हे पटवायला ते भगवंताचं उदाहरण देतात. जीव त्याच्यातून निर्माण होतात, त्याच्यात विलीन होतात, तो मात्र बदलत नाही. आजचं गणित शून्याने भागू देत नाही, पण अनंताची ही कल्पना कुणालाही कळावी अशी.

कधीकधी मात्र त्यांचं गणित चक्क जादू वाटते. अशी संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०! ‘चक्रवाल’ पद्धतीने त्यांनी ते काढलं. पुढे पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं. फरक इतकाच, की जादूगार हात लपवतो. भास्कराचार्यांनी रीत लिहून ठेवली, कुणीही करून बघावी म्हणून.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव देवगिरीच्या, म्हणजे आपल्या दौलताबादच्या, यादवांच्या पदरी होते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ च्या शिलालेखात चंगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाची नोंद केलीय. त्या मठासाठी गावातल्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल द्यायचं ठरलं होतं. गणित शिकवायला गावाने दिलेलं पळीभर तेल!

कन्नडचा घाट उतरून पाटणादेवीला गेलात, तर लेकीला हे जरूर सांगा. आपण शेकडो वर्षं तो मोती लक्षात ठेवला आणि भुंगे विसरलो. तिला भुंग्यांचं गणित घाला. आणि हो, उत्तर तिलाच काढू द्या.